अपूर्ण भूतकाळ

धाराशिवच्या कॉलेजातली सहा नंबरची खोली.
अर्ध्या खोलीत तेरच्या उत्खननातली खापरं, पोत्यात भरलेली,
त्यात एक म्हणे रोमहून आलेल्या दारूच्या रांजणाचा कान.
उरलेल्या जागेत आम्ही सात जण.
माहितीपत्रकात होतं: नाणी वाचण्यापुरतं लॅटिन.
त्रिभुवन सरांनी पहिल्याच रविवारी
त्या माहितीपत्रकाचा पुडा करून शेंगा ठेवल्या
आणि अकरा ओळींच्या कवितेची झेरॉक्स वाटली.

एक माणूस रात्रभर बंद दारापाशी पडून आहे.
एवढीच गोष्ट.
दाराला विनवतो, कडीला शिव्या घालतो,
गळ्यातली सुकलेली फुलं उंबऱ्यावर ठेवतो.
मागून कोणीतरी, 'रेशनचं दुकान हाय का सर?'
सर म्हणाले, 'लॅटिनमध्ये दार स्त्रीलिंगी असतं.'
मग आम्ही गप्प झालो.

शब्दकोश एकच.
सर जालन्याच्या सेमिनरीतून पाद्री न होता परत आले
तेव्हा पिशवीत घालून आणलेला.
का परत आले, ते आम्ही विचारलं नाही.
टीपासूनची पानं वाळवीनं खाल्लेली,
म्हणून एसपर्यंत आम्ही स्वावलंबी,
पुढं सरांच्या तोंडाकडं बघायचं.

'आपल्यासारखंच आहे रे,' सर म्हणायचे,
'क्रियापद शेवटी.
तोवर कर्ता उभा, कर्म हातात धरून,
आणि काय होणार ते कुणालाच माहीत नाही.
इंग्रजीला एवढा दम निघत नाही.'

सातव्या ओळीत आलं: आमाबाम.
'एकच शब्द. यात मी आहे, प्रेम आहे,
आणि गेलेला पण न संपलेला काळ आहे.
सांगा मराठीत.'
मी म्हणाले, मी प्रेम करत होतो.
'चार शब्द झाले. आणि करत होतो म्हणजे?
रोजगार हमीवर होता का तो?'
मुबीना म्हणाली, 'सर, होतो का होते?'

सर थांबले.
लॅटिनला ते सांगावं लागत नाही.
दाराबाहेर कोण पडलंय,
तो शब्द शेवटपर्यंत बोलत नाही.
आपलं तसं नाही, तोंड उघडलं की ठरतं.

तेवढ्यात लाइट गेली.
आणि पोत्यांच्या बाजूनं येडशीचा व्यंकट,
जो एकच्या गाडीनं यायचा आणि कधी बोलायचा नाही,
म्हणाला,
'जीव लावूलालतो.'

हसणार होतो सगळे. हसू आलं नाही.
अंधारात खडू शोधल्याचा आवाज.
लाइट आली तेव्हा फळ्यावर वाकडंतिकडं
लावूलालतो,
आणि खाली नाही, शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात
लावूलालते.
ती ओळ मी माझ्या झेरॉक्सवर उतरवली.
कोणती, ते सांगत नाही.

शेवटच्या रविवारी सरांनी एकच शब्द लिहिला: वाले.
शब्दकोशात व्ही नव्हता.
आम्हाला वाटलं अर्धवट राहिलं.
दूधवाले? भंगारवाले?
'तेरवाले,' व्यंकट म्हणाला.
सर हात झटकून निघून गेले,
दार त्यांनी ओढून घेतलं, हळू.

पुण्यात एका धडक्या शब्दकोशात सापडलं.
निरोप घेताना म्हणतात. बरा राहा, बरी राहा,
लिंग तिथंही नाही.
पण एकवचनी.
सात जणांना म्हणायचा शब्द वेगळा आहे
आणि सरांचं व्याकरण कधी चुकलं नाही.

गेल्या महिन्यात व्यंकट भेटला स्टँडवर,
वीज मंडळात आहे, कळंबला.
'काय करूलालाव?' म्हणाला.
मी हे सांगितलं त्याला, सगळं, एकवचनासकट.
तो कळंबच्या गाडीची पाटी बघत राहिला.
गाडी लागली. लोक खिडकीतून रुमाल टाकू लागले.
'मग,' तो म्हणाला, 'दाराला म्हणले आसतील.'